ठकामामाचा धसका

ठकामामा रस्ता ओलांडायला निघाला की नाटकाचा पडदाच वर जायचा. एका हातात आडवी काठी, दुसरा हात ट्रकपुढं उभारलेला, तोंडानं "हुर्र, हुर्र!" कासुर्डीजवळचा सोलापूर हायवे तुंबायचा. क्लीनर खिडकीतून ओरडायचे, "अरे चाचा, भेड किधर है?"

भेड कुठंच नव्हती. मामाच्या मागं नुसता रिकामा डांबरी रस्ता.

पूर्वी दोघं भाऊ मेंढरं घेऊन हिंडायचे. मामा पुढं, धाकटा बिरा मागं. मामानं हाक द्यायची, "आलं का रं समदं?" मागून बिराचं "आलं!" ऐकू आलं, की मगच पाय उचलायचा. एकदा भर दुपारी इथंच एक ट्रक मागच्या मेंढरांत घुसला. बिराही गेला. उरलेली मेंढरं विकून मामा ज्वारी पेरू लागला.

"ठकानं धसका घेतला," गाव म्हणायचं. गावात हा शब्द फार स्वस्त. म्हशीनं लाथ मारली तरी धसका, मास्तरांनी डोळे वटारले तरी धसका.

मामाला बायकोपोरं नव्हती. दिवसभरात चार शब्द बोलायचं ठिकाण म्हणजे पलीकडचं चहाचं हॉटेल. रस्त्याच्या मधोमध थांबून तो हाक द्यायचा, मागं कान लावायचा, आणि उत्तर आलं नाही की माघारी फिरायचा. चहा तिकडंच, माणसंही तिकडंच.

मी तेव्हा रस्त्याच्या अलीकडं, मामाच्या बाजूच्या डेअरीवर दूध मोजून घ्यायचो. नकला करणं हा जोडधंदा. एक दिवस त्याची हाक आली आणि मी घसा ताणून मागून ठोकून दिलं, "आलं!"

मामा सरळ पलीकडं गेला. बाकड्यावर बसून लागोपाठ दोन चहा प्यायला. मग ते माझं रोजचंच काम झालं.

एकदा विचारलं, "मामा, एवढं कशाला भिता?"

"भ्या न्हाई रं. भ्या गाडीबरुबर निघून जातं. धसका गाडी गेल्यावर येतो, आन् मंग ऱ्हातो."

"आणि मी ओरडलो की?"

"तू बिरा न्हाईस, येवढं कळतंय मला. लई भिकार आवाज हाय तुजा. पन मागनं कुनी बोललं, की पाय उचलतो."

पुढं मला शिरूरला नोकरी लागली. सांगायला गेलो, तर मामा काठीला तेल चोळत बसलेला.

"शिरूर व्हय? लांब हाय. हाक पोचायची न्हाई."

"डेअरीवर नवा माणूस येतोय. त्याला सांगून ठेवतो."

"नगं. हसंल त्यो."

मामा उठला, काठी वळचणीला खोचली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "च्या तसाबी सोडायचाच हुता. पित्त हुतंय."