चौथा कान

परभणीच्या रेल्वे मालधक्क्यामागं खत मिसळण्याचा एक कारखाना होता. नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं मी तिथं गोदाम सांभाळलं. जंबो पिशव्या तेव्हा नवीन होत्या. एकीत टनभर भुकटी मावायची. चार कोपऱ्यांना चार जाड पट्टे; हमाल त्यांना कान म्हणत. चारही कान कप्पीच्या आकड्यात अडकवून साखळीनं पिशवी उचलायची.

रिकाम्या पिशव्या पुन्हा भरत. त्याआधी मुकादम एकेक कान ओढून बघायचा आणि चारही पक्के असले की पिशवीवर गेरूचं बोट ओढायचा. गेरू दिसला की पुढं कुणी मोजत नसे. फाटक्या पिशव्यांचा ढीग वेगळा. त्यांचे कान आम्ही घरी न्यायचो. त्या पट्ट्याची मोरकी बैलाच्या तोंडाला बांधली की कैक वर्षं पुरायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मीही विळ्यानं एक कान कापला. घाईत ढीग चुकला. पिशवी उलटली तर खाली गेरू. तिथंच ती बाजूला काढायला हवी होती, पण मालक दारात उभे होते. पट्टा सदऱ्यात खोचला, पिशवी मागाहून काढू म्हटलं, आणि सणात विसरलो.

सणानंतर ती पिशवी भरली गेली. आकडा लावणाऱ्या हमालानं गेरू पाहिला, चौथा कान खाली दुमडला असेल असं समजून तीनच अडकवले. पिशवी कलली, एक कान तुटला आणि ती त्याच्या पायावर आली. पाय मोडला.

"चारी ओढून बघितले होते, आईच्यान!" मुकादम सगळ्यांना सांगत होता. मी गप्प राहिलो. पट्टा माझ्या बैलाच्या तोंडाला होता. हमालांची टोळी मुकादमाला तीनकान्या म्हणू लागली. "ए तीनकान्या, हाताला बोटं किती हायेत बघ बरं!" महिन्याभरात काम सोडून तो आपल्या गावी, पोखर्णीला निघून गेला.

इतक्या वर्षांनी परवा शनिवारी मी तिथं गेलो आणि त्याच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं.

"म्हंजी मी मोजले होते?"

"मोजले होते. चारही."

"लोकं म्हणून म्हणून मलाच वाटायलं होतं साब, की मोजलेच न्हाईत." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "बैल कसा निघाला ओ?"

"लय मारका."

"बरं झालं!"

मग मला हाताला धरून नरसिंहाच्या देवळाकडं घेऊन गेला. पाय मोडलेला तो हमाल तिथं नारळ विकतो. त्याच्यापुढं मी पुन्हा सगळं सांगितलं. मला वाटलं, आता नारळ फेकून मारतो.

"अन् मी ह्या म्हाताऱ्याला इतकी वर्षं शिव्या द्यायलोय!" तो म्हणाला. मला बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. समोरच्या फुलवाल्याकडं बोट करून म्हणाला, "त्यो बी आपल्याच टोळीतला हाय. त्याला ऐकू कमी येतंय. जरा मोठ्यानं सांगा."

मी मोठ्यानं सांगितलं. दर्शनाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, तरी मी आवाज कमी केला नाही.