ऑक्टोबरची सुट्टी

“काकू, टॅरिफचा प्रॉब्लेम सॉल्व्ह!” निखिल कॉफी सांडतच माझ्या डेस्कपाशी आला.

निखिल नागपूरचा. माझ्या मुलाहून लहान आणि माझा बॉस. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमधली आमची कंपनी हॉस्पिटलच्या खाटांची चाकं चीनमधून मागवते. चिनी मालावरचं टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, इतकं वाढलं की धंदा परवडेना. आमच्या जुन्या सप्लायर मिसेस लिन यांनी तोडगा काढला: त्यांची नवी फॅक्टरी व्हिएतनाममध्ये. तिथल्या मालाला टॅरिफ कमी.

“इतक्यात फॅक्टरी उभीसुद्धा राहिली?”

“चायनीज स्पीड, काकू! तुम्ही पण ना!”

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. ऑक्टोबर नुकता लागला होता. निखिलने सँपलं मागितली.

“या आठवड्यात नाही,” मिसेस लिन घरूनच बोलत होत्या. “कामगार सुट्टीवर आहेत. गावी गेलेत.”

“नो प्रॉब्लेम!” निखिल म्हणाला.

माझे मात्र कान टवकारले. नोकरीत नवी असताना खांद्यात पॅड घातलेला ब्लेझर चढवून मी याच बाईंना ऐन चिनी नववर्षात ‘अर्जंट’ ईमेलवर ईमेल धाडत होते. शेवटी ऑर्डर रद्द करायची धमकी दिली. फॅक्टरीत तेव्हा फक्त वॉचमन होता; त्याने भ्यायचं तरी किती! तेव्हापासून कुठल्या देशात सुट्टी कधी, हे मी नातवंडांच्या वाढदिवसांच्या आधी पाठ करते. ऑक्टोबरची ही लांब सुट्टी चीनच्या राष्ट्रीय दिनाची. व्हिएतनामची सप्टेंबरातच होऊन गेलेली.

“मिसेस लिन, कामगार कुठल्या गावी गेले?”

“सिचुआनला,” त्या बोलून गेल्या.

सिचुआन चीनमध्ये. हे निखिललाही माहीत होतं. त्याने कॉफी खाली ठेवली.

“व्हिएतनाममध्ये काय होतं मग?” मी विचारलं.

“खोकी बदलतात. लेबल लावतात.” त्यांचा आवाज उतरला. “माझी निम्मी मशिनं बंद आहेत. आणखी काय करू?”

कॉल संपला. निखिल हळूच म्हणाला, “सगळेच करतात म्हणे, काकू.”

“कस्टम्सच्या कागदावर सही कुणाची?”

“माझी.”

“आणि ग्रीन कार्डाची फाइल कुणाची अडकलीय?”

माल जिथे खरोखर बनतो तो देश कागदावर लिहायचा असतो. खोकं कुठे बदललं याला अर्थ नाही. खोटं लिहिलं की दंड माल मागवणाऱ्याला, आणि सही करणाऱ्याच्या मागे चौकशी.

आम्ही ‘चीन’ लिहून, पूर्ण टॅरिफ भरून चाकं मागवली. मिसेस लिननी भाव थोडा उतरवला, आम्ही नफा सोडला, हॉस्पिटलने कुरकुरत उरलेली वाढ दिली. तिघंही नाराज, म्हणजे सौदा बरोबर झाला असावा.

निखिल आता नव्या सप्लायरकडे लगेच सँपलं मागत नाही. आधी विचारतो, “तुमच्याकडे सुट्टी कधी असते?”