कलशातल्या काड्या

मी पोचले तेव्हा माझ्या काड्या दोन कलशांत होत्या. वर नारळ, समोर होम पेटलेला. वाध्यार, म्हणजे आमच्या तंजावुरातले भटजी, मंत्र म्हणत होते. मुहूर्ताला वेळ होता आणि मांडवभर धूर झाला होता. मी कडेच्या खुर्चीवर बसले. करण्यासारखं काही नव्हतं.

ईशान, तारा, आधी काडी म्हणजे काय ते सांगते. नाहीतर आजी लग्नात काड्या शोधत का हिंडत होती, हे तुम्हाला कळायचं नाही.

आंब्याची कोय पेरली की झाड येतं, पण ते आईसारखंच निघेल याचा भरवसा नसतो. तोच वाण हवा असेल तर कलम करावं लागतं. कुठल्याही आंब्याचं वर्षभराचं रोप घ्यायचं. त्याला खुंट म्हणतात. खुंटाचा शेंडा उडवून मधोमध चीर द्यायची. मग हव्या त्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब डहाळी घ्यायची. ती कलमकाडी. तिचं टोक पाचरीसारखं तासून चिरेत बसवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. जीव धरला तर खाली मुळं एकाची आणि वर आंबे दुसऱ्याचे. हॉर्टिकल्चर डिपार्टमेंटमध्ये मी नोकरीभर हेच केलं आणि शिकवलं.

काडी मात्र कुठलीही चालत नाही. ती फार कोवळी नको, जुनी नको, मोहोर येऊन गेलेली नको. शेंड्याचा डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, फुगलेला हवा, पण उघडलेला नको. मोठ्या झाडावरही अशा काड्या शोधाव्या लागतात. हे झाड तर अर्धं मेलेलं होतं.

झाड ओरत्तनाडूजवळ रखमाआक्कांच्या परसात होतं. घरात त्याला दवणी म्हणत. त्याच्या अगदी कोवळ्या कैऱ्यांचा मावडू घालत, म्हणजे अख्ख्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरवत. दाताखाली कैरी फुटली की दवण्याचा वास यायचा. मी सगळा जिल्हा फिरले, तसं दुसरं झाड पाहिलं नाही. नोकरीत असताना मी आक्कांकडे काड्या मागून मागून थकले.

"मावडू माग, बरणी भरून देते," त्या म्हणायच्या. "फांदी मागू नकोस गे. सासूबाईंनी सांगून ठेवलंय, घरचं झाड घरात."

मग वादळात झाड कललं. एका बाजूची मुळं उघडी पडली आणि बुंधा शेजाऱ्याच्या गोठ्याच्या भिंतीवर टेकला. आक्कांचा मुलगा श्रीनिवासराव यानं ठरवलं, आपल्या मुलीचं लग्न या घरात करायचं, मग झाड तोडायचं, घर विकायचं आणि आईला घेऊन तंजावूरच्या फ्लॅटमध्ये जायचं. तेव्हा आक्कांनी स्वतः मला फोन केला.

"शारदा, ये. काड्या घे. पण रोप एकच करायचं, माझ्यासाठी. गॅलरीत ठेवीन."

"आक्का, एकावर भागत नाही. कलमं मरतात. चार ठिकाणी असली तर एखादं जगतं."

"एकच," आक्का म्हणाल्या.

मी सेल्वीला फोन केला. पूर्वी ती माझ्या हाताखाली होती, आता डेप्युटी डायरेक्टर आहे.

"मॅडम, स्टाफ नाही हो. तुम्हीच जाऊन या. आणि आमच्या फार्मला एक रोप द्या."

"त्या एकच करू देतात."

"बघा ना मॅडम, तुमचं ऐकतील."

तुमचं ऐकतील, हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. लोक माझं ऐकत नाहीत. मी पुन्हा पुन्हा जाते, आणि शेवटी तेही कंटाळतात.

लग्नाच्या आठवडाभर आधी मी गेले. चांगल्या काड्या मोजक्याच निघाल्या. खरं तर त्याच दिवशी त्यांची पानं छाटायला हवी होती. पानं आधी काढली की डोळा जागा होतो आणि कलम लवकर धरतं. पण आक्कांनी छाटू दिलं नाही. घरात लग्न, आणि घरच्या आंब्याच्या फांद्या बोडक्या? मी म्हटलं बरं, नुसत्या खुणा करते, लग्न झालं की येते. माझ्याकडची टेप संपली होती. आक्कांनी देवघरातून हळदीचा दोरा आणून दिला. मी प्रत्येक काडीला एक एक तुकडा बांधला आणि घरी आले.

आता पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र तेव्हा आलं नाही.

"मामी, या या," मांडवात श्रीनिवासराव माझ्याजवळ आला. इकडे माझ्या वयाच्या बाईला सगळे मामीच म्हणतात. तो फार खुशीत होता. "आईनं कलशासाठी फांद्या निवडून दोरे बांधले होते ना, पहाटे मी स्वतः चढून कापल्या. एकही सोडली नाही."

"ते दोरे मी बांधले होते."

"तुम्ही? हळदीचा दोरा?"

प्रश्न बरोबर होता. मी परसात जाऊन झाड पाहून आले. राहिलेल्या फांद्यांवर तांबूस पालवी फुटली होती. तिची काडी होत नाही. दवणी आंब्याचं या जगात जे काही शिल्लक होतं, ते त्या दोन कलशांत उभं होतं.

वाध्यारांना विचारलं. ते मंत्रात थांबले नाहीत, फक्त मान हलवली. जरा उसंत मिळाल्यावर म्हणाले, "मामी, देवता बसल्यायत. कलश उत्तरेला हलवून विसर्जन होईपर्यंत हात लावता येणार नाही."

मी बसून राहिले. देठ पाण्यात होते, हे चांगलं. होमाची धग सरळ पानांवर येत होती, हे वाईट. माझ्या डोळ्यांसमोर पानांच्या कडा मऊ पडत चालल्या होत्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मुलीकडच्या का तुम्ही? रडू नका हो, सगळ्यांच्याच जातात."

"धूर आहे," मी म्हटलं.

मंगळसूत्र झालं, सप्तपदी झाली. शेवटी कलश हलले. वाध्यारांनी त्याच डहाळ्यांनी सगळ्यांवर पाणी शिंपडलं आणि त्या माझ्या हातात दिल्या. मी पर्समधून सुरी काढली, तशा आक्का पुढे आल्या.

"शारदा, कलशातल्या डहाळीला सुरी लावतेस?"

"आक्का, नाही लावली तर उद्यापर्यंत वाळतील."

"वाळू देत. सुरी लावायची नाही."

झाड त्यांचं होतं आणि परवा तुटणार होतं. वाध्यारच पुढे होऊन बोलले.

"आक्का, विसर्जन झालं. आता या डहाळ्या नदीत जातात, नाहीतर झाडाशी ठेवतात. मामी झाडावर ठेवतायत. यात दोष नाही."

आक्कांनी माझ्या हातातली एक डहाळी घेऊन उलटसुलट पाहिली.

"म्हणजे हा प्रसाद झाला," त्या म्हणाल्या.

"झाला."

"मग एका घरात कसा ठेवायचा?"

"तुम्हीच म्हणालात, एकच रोप," मी म्हटलं.

"तेव्हा ती फांदी होती. प्रसाद मागणाऱ्याला नाही म्हणतात का?"

नवऱ्या मुलाची आई तिरुवैयारूची, नदीकाठी त्यांची बाग. तिनं लगेच हात पुढे केला. "आम्हाला एक." मी फार्मसाठी सांगून ठेवलं. वाध्यार म्हणाले, "मलाही द्या एक."

"तुम्हाला नेसायला नवी वेष्टी दिलीय की," आक्का म्हणाल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत.

मी तिथेच पानं छाटली, काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि जेवण न करता ऑटोनं घरी आले. आक्कांना त्याचा अजून राग आहे. दुपारभर कलमं बांधली. चाळिशीत जे काम बोलता बोलता व्हायचं, त्याला आता श्वास धरून बसावं लागतं. प्रत्येक काडीवर प्लास्टिकची टोपी चढवली आणि रोपं सावलीत ठेवली.

थोड्या दिवसांत बरेच डोळे फुटले. मी त्यावर विसंबले नाही. काडीच्या पोटात थोडा रस शिल्लक असतो, त्यावरही ती फुटते. रस संपला आणि खुंटाशी जोड झालेली नसली की काळी पडते. तसंच झालं. आक्का रोज फोन करायच्या, "किती आहेत?" मी आकडा सांगायचे. रोज तो कमी असायचा. शेवटी तीन राहिली.

कुणाला द्यायची ते आक्कांनी ठरवलं. एक तिरुवैयारूला, एक फार्मला, एक त्यांच्या गॅलरीत. वाध्यारांना पुढच्या खेपेचं वचन.

फार्मचं रोप सुट्ट्यांमध्ये उन्हात राहिलं आणि गेलं. "मॅडम, स्टाफ नव्हता," सेल्वी म्हणाली. तिचा आवाज माझ्याइतकाच थकलेला होता.

मूळ झाड तोडलं त्या दिवशी आक्का देवघरातून बाहेर आल्या नाहीत. फ्लॅटमध्ये गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी मला बोलावलं. गॅलरीतल्या कुंडीकडे बोट दाखवलं. रोपाची पानं फिकी पडली होती.

"इथे ऊन येत नाही. घेऊन जा."

"तुमचं आहे, आक्का."

"माझं कसलं? प्रसाद आहे. माझ्याकडे वाळला तर मला चालायचं नाही."

ते रोप आता माझ्या विहिरीशेजारी आहे. तिरुवैयारूच्या रोपाला दोनदा नवी पालवी आली. पुढच्या आवणीत, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, दोन्हींच्या काड्या घेता येतील असं वाटतं. वाध्यार भेटले की आठवण करतात. पहिला मावडू व्हायला अजून काही वर्षं लागतील. तो तुम्ही खाल, मी खाईन की नाही ते बघू.

यातून शिकण्यासारखं एवढंच. काडीला खूण करायची तर निळी प्लास्टिकची टेप बांधावी. निळी टेप कोणी कलशात ठेवत नाही. अर्थात तेव्हा माझ्याकडे टेप असती, तर दवणीचं एकच रोप झालं असतं आणि ते त्या गॅलरीत वाळलं असतं. तरीही टेपच बांधावी. दर वेळी लग्नभर बसून राहण्याची ताकद माझ्यात आता नाही.