मामीचं कोरल आणि माझा फुल लाईट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे, त्यामुळे आज माझी पाळी आली तर तक्रार नाही. मी शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यायचा मला पगार मिळतो. जे मोजता येत नाही ते रिजेक्ट! पण या एका प्रकरणाला कुठला शिक्का मारायचा, ते मला अजून कळलेलं नाही...

माझी एस्तेरमामी केडगावला एकटी राहते. मामांना खाऱ्या पाण्याच्या फिशटँकचा नाद होता. त्यांनी नखाएवढा कोरलचा तुकडा आणला होता, तो वाढून चांगला ताटलीएवढा झाला. कोरल म्हणजे दगड नव्हे बरं का, जिवंत असतं ते. हिरवी बटणं चिकटवल्यासारखं दिसतं, आणि मनासारखा उजेड मिळाला की प्रत्येक बटण फुलासारखं उघडतं. मामा गेले, मासेही एकेक करून गेले. हे मात्र राहिलं. मामी सकाळी त्याच्यासमोर चहा घेऊन बसायची.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती दौंडला मुलीकडे जाणार म्हटल्यावर टँक कुणी सांभाळायचा, असा प्रश्न आला. मी छातीठोकपणे म्हणालो, "मामी, मी आहे ना!"

मामी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "दिलीप, मामांचं एवढंच काय ते जिवंत राहिलंय बघ."

मग टँक टेम्पोनं पुढे पाठवला, आणि गाडीत पाण्याचे कॅन, बादलीत कोरल, बादली माझ्या बायकोच्या, मीनाच्या मांडीवर, अशी आमची वरात चौफुला–न्हावरामार्गे शिक्रापूरला आली. वाटेतल्या एका गतिरोधकावर मागचा कॅन घसरला तो नेमका टँकच्या जुन्या लाईटवर. लाईटचा चुरा. कॅन मीच ठेवला होता, हे मीनानं घरी पोचेपर्यंत मला विसरू दिलं नाही.

आता नवा लाईट घेणं आलं. पुण्यातल्या दुकानदारानं दोन नॉबवाला एलईडी दिला. एक नॉब पांढऱ्या उजेडाचा, दुसरा निळ्याचा. तो म्हणाला, "सर, पांढरा अगदी कमी ठेवा, निळा थोडा जास्त. आणि हळूहळू वाढवा." आता मला, क्वालिटीच्या माणसाला, हा उजेड शिकवणार? मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप टाकलं. आमच्या इन्स्पेक्शन टेबलावर, जिथे केसाएवढा ओरखडा दिसला पाहिजे, तिथला आकडा घेतला आणि घरी तोच आकडा येईपर्यंत दोन्ही नॉब पिळले. दोन्ही फुल!

समोरच्या फ्लॅटमधले आप्पा – मूळचे निमोण्याचे, आता मुलाकडे असतात, आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते – दारात येऊन म्हणाले, "सायेब, घरात वेल्डिंग काढलंय का काय?"

कोरलनं एकूण एक तोंडं मिटली. दोनतीन दिवसांत हिरवा रंग उडून ते उकडलेल्या साबुदाण्यासारखं दिसायला लागलं. फोनवर मामीनं विचारलं, "उघडतंय ना रे?" मी म्हणालो, "अहो मामी, एकदम टवटवीत!" आणि उजेड कमी पडत असेल म्हणून टँकमागे आरसा लावला. असा मी शहाणा.

त्यानंतर सुरू झालं.

फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी आलो, तर लाईट मंद. नुसता निळसर, सायीसारखा उजेड. मी गडबडीत नॉब मागेपुढे फिरवले, परत फुल झाला. शर्ट बदलून येतो तर पुन्हा मंद! मीना तिथेच फरशी पुसत होती.

"तू हात लावलास?"

"मला दुसरी कामं नाहीत का? लाईट बिलाची एवढी काळजी असती, तर आधी तुमचा गिझर बंद केला असता."

उत्तर जरा जास्तच तयार होतं... मला संशय आला. मग आप्पांचा आला. किल्ली आहे, डोळ्यांना त्रास होतोय, म्हणजे कारणही आहे. मी आडून विचारलं. आप्पा म्हणाले, "मी कशाला हात लावू? त्या पान्यात करंट असला म्हंजी? मला अजून नातवाचं लगीन बघायचं हाय."

शेवटी कंपनीतली युक्ती केली. आमच्याकडे नट आवळला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत मार्करची पिवळी रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. दोन्ही नॉब फुल करून मी तशा रेघा ओढल्या आणि मीनाकडे बघून बारीक हसलो.

दुसऱ्या दिवशी लाईट मंद. रेघा... सरळ. केसभरही तुटलेल्या नाहीत.

लाईटच खराब असणार म्हणून स्टँडवरून उचलला, आणि भक्कन पूर्ण उजेड माझ्या डोळ्यांत! काही वेळ मला मीनाच्या जागी हिरवा डाग दिसत होता. परत टँकवर ठेवला, मंद. ओट्यावर धरला, फुल. कंपनीत नेऊन टेस्ट बेंचवर दिवसभर चालवला, कणभर कमी झाला नाही. घरी टँकवर ठेवला की मंद. व्होल्टेज म्हणावं, तर त्याच बोर्डावरचा पंखा गरगर फिरतोय. मंडळाच्या डेकोरेशनचा एक निळा फोकस उसना आणला, तोसुद्धा टँकवर येताच नरमला.

मी वाद घालणं सोडलं. आरसा काढला. त्या मंद उजेडात आधी कडेचं एक बटण उघडलं, मग त्याच्या शेजारचं... रंगही परत येऊ लागला. मीना म्हणाली, "चूक कबूल करायला लाज वाटते म्हणून तुम्हीच काहीतरी केलंय, आणि आता गोष्टी रचताय." म्हणजे आता संशयित मी!

मामी बरी होऊन कोरल न्यायला आली. काठी टेकत टँकसमोर गेली आणि उभीच राहिली. सगळी बटणं उघडी होती. "प्रभूनं सांभाळलं," ती म्हणाली. माझं नावही नाही, पण मला ते चाललं. गेले काही आठवडे मी तिला फोनवर काय काय सांगत होतो, ते मलाच माहीत.

न राहवून मी विचारलं, "मामी, तुम्ही लाईट किती ठेवत होता?"

"मला काय कळतंय त्यातलं? सकाळी बटण दाबायचे. किती पाहिजे ते त्याचं ते घेतं."

"घेतं म्हणजे?"

"घेतं म्हणजे घेतं. मामा होते तेव्हापासून तसंच आहे." तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "बादली आण, ऊन व्हायच्या आत निघू."

टँक नंतर टेम्पोनं पाठवायचा होता, आज फक्त कोरल. मी ते पाण्यातून उचलून बादलीत ठेवलं, बादली घेऊन दारापर्यंत गेलो, आणि मागे लख्खकन पांढरा उजेड पडला. रिकाम्या टँकवर लाईट फुल! मीनानं पदर डोळ्यांवर घेतला. बघायला आलेले आप्पा म्हणाले, "बंद करा सायेब, आंधळं व्हायची पाळी आली!" नॉबवरच्या रेघा होत्या तिथेच होत्या.

मामीनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "चला," म्हणाली.

केडगावला कोरल मजेत आहे. मी सर्किट उघडून पाहिलं, कंपनीतल्या इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारलं, दुकानदाराला विचारलं. तो आता माझे फोन उचलत नाही. उत्तर मिळालेलं नाही, आणि मीनाचा माझ्यावरचा संशयही गेलेला नाही.

परवा तो लाईट विकायला काढला. शिरूरहून एकजण बघायला आला, ओट्यावर लावून दाखवला, त्याला आवडला. पाकीट काढता काढता त्यानं विचारलं, "काही फॉल्ट नाही ना?"

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "लाईटमध्ये नाही."