बॉर्डरीखालचे मामा

शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झालो आणि घरी रिकामा बसलेला माणूस काय काय करू शकतो, हे पिंपळवंडीच्या आमच्या आळीला कळलं. मुलीने तिचा जुना लॅपटॉप मला देऊन टाकला होता. त्यात फोटोला बॉर्डर लावायचं सॉफ्टवेअर निघालं. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

झेंडूच्या, मोत्यांच्या, गुलाबांच्या तयार बॉर्डरी मी इंटरनेटवरून पोत्यानं उतरवल्या. बारशाच्या फोटोला मोरपिसं, वास्तुशांतीला आंब्याचं तोरण. गारपिटीनं आडव्या झालेल्या कांद्याचा फोटो पंचनाम्याला द्यायचा होता, त्यालाही मी सोनेरी वेलबुट्टी लावली. तलाठ्यांनी आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "भाऊ, नुकसान झालंय ना नक्की?"

भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र सगळे 'लई भारी' लिहायचे. ते फोटो न उघडताच लिहितात, हे मला बायकोने सांगितलं. माझ्या कलेबद्दल तिचं मत पहिल्यापासून एकच होतं: नाकापेक्षा मोती जड. कलावंताला घरातून विरोध व्हायचाच, असं म्हणून मी तिकडे काणाडोळा केला.

एके दिवशी पिंपरी पेंढारहून आत्या आली. तिचे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामाच म्हणतात. या मामांनी जन्मभर मेंढरं राखली. कॅमेरा दिसला की ते हळूच बाजूला सरायचे. त्यामुळे वर्षश्राद्धाला ठेवायला धड फोटो नव्हता. होता तो आधार कार्डावरचा.

"त्यात त्ये चोरी करताना घावल्यावानी दिसत्यात," आत्या म्हणाली. "त्यो फोटू म्होरं ठिवून मी पाया कशी पडू? आपण समदी ओझरला गेलो व्हतो, तवा एक काढला व्हता बघ. तेवढ्या एकातच त्ये हायेत."

"आत्या, बस तू. आत्ता काढून देतो." माझी छाती फुगली. माझ्या कलेची गरज पडलेला पहिला माणूस घरी चालून आला होता.

फोटो उघडला. देवळाबाहेर सगळं खानदान रांगेत उभं. मधोमध मी, गॉगल लावून. चारी बाजूंनी गुलाबांची दाट बॉर्डर. डाव्या टोकाला गुलाबांमधून एक कोपर बाहेर आलं होतं आणि त्यात दोन पिशव्या अडकवलेल्या होत्या.

आत्याने डोळे बारीक केले. "ह्ये त्यांचंच कोपार हाय. बाकीचे त्ये कुटं गेले?"

माझी पद्धत अशी की बॉर्डर फोटोच्या भोवती नाही, फोटोवरच ठेवायची. भोवती लावायला आधी कोरी जागा वाढवावी लागते, ते मला कधी जमलं नाही. शिवाय कडेला असून असून काय असणार, असं मला वाटायचं. आता मी ते गुलाब हलवायला गेलो. हलेनात. सगळं एकत्र सेव्ह केलेलं, आणि मूळ फोटो उगीच जागा खातो म्हणून मीच डिलीट केलेला. मी माउस आपटला. लॅपटॉपला शिव्या दिल्या, सॉफ्टवेअरला दिल्या, लॅपटॉप देणाऱ्या मुलीलाही दिल्या. मी सोडून कोणी सुटलं नाही.

आत्या रडली नाही. "मेंडका कळपाच्या कडंनंच चालतो, बाळा," ती म्हणाली. "मधी ऱ्हायला तर मेंढरं आवरायची कुनी? जलमभर त्ये कडंलाच उबं ऱ्हायले. ऱ्हाऊ दे. तुला तरी काय म्हाईत!"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला मान वर करवेना.

तेवढ्यात बायको आतून आली आणि तिने तिचा फोन आत्याच्या हातात दिला. त्यात तोच फोटो होता, एकाही गुलाबाशिवाय. मुळात तो तिच्याच फोनवर एका हारवाल्याकडून काढून घेतलेला. मी तो लॅपटॉपवर घेतला आणि तुझ्यातला आता काढून टाक म्हणून तिला बजावलं होतं. ती 'बरं' म्हणाली होती.

"एक बी काढला न्हाई मी," ती मला म्हणाली. "लगीन झाल्यापासून ओळखते तुमाला."

एरवी मी या वाक्यावर तासभर भांडलो असतो. त्या दिवशी सरळ फोटोत डोकावलो. आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघून दात काढत होतो. मामा तेवढे टोकाला उभे, हातात सगळ्यांच्या पिशव्या, आणि मान वळवून आमच्याकडे बघत होते. सगळे आले ना, कोणी मागे राहिलं नाही ना, असं. चेहरा अगदी निवांत होता.

आत्याने त्यांच्या तोंडावरून बोट फिरवलं, तर फोटो सरकून भलताच आला. बायकोने तो परत आणून दिला.

"सांजच्याला मेंढरं घरी आली का असंच बघायचे," आत्या म्हणाली.

मला राहवेना. काहीतरी भरपाई करायची होती. "आत्या, बाकीच्यांना कापून टाकतो," मी म्हणालो. "मामांना एकट्यालाच मोठं करून देतो."

"नगं रं," ती म्हणाली. "तुमाला काढल्यावर त्ये बघायचे कुनाकडं?"