मधली रिकामी जागा

ग्वाल्हेरला उतरलो तेव्हा किल्ला दिसलाच नाही. धुक्यावर त्याची वरची भिंत तेवढी तरंगत होती, खाली डोंगर नव्हताच. अर्धवट झोपेत रिक्षात बसलो आणि माधवगंजात मावशीच्या दारात जागा झालो.

"पहिले बेडई खा, काम बादमध्ये," मावशी म्हणाली. बेडई (उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी), बटाट्याचा रस्सा, वर जिलेबी. खाता खाता मी तिला कामाचं सांगितलं. इथल्या एका कॉलेजच्या आवारात आमची विनाचालक गाडी धावणार होती. दोन्ही बाजूंना लांब बाकं, खिडकीकडे पाठ करून बसायचं, कमरेला पट्टा. 'माणसं बसवायला हरकत नाही' या कागदावर माझी सही झाली की उद्यापासून मुलं बसणार.

"म्हणजे आमचा टेंपोच की," मावशी म्हणाली. किला गेटजवळच्या शाळेत शिकवायला ती वर्षानुवर्षं टेंपोनं, म्हणजे तशाच समोरासमोर बाकांच्या तीनचाकी सवारी गाडीनं, गेली होती. मीही येते म्हणाली.

आवारातही धुकं होतं. गाडी आवाज न करता समोर आली. मावशी आत शिरली आणि सवयीनं मला खेटून बसली.

"टेंपोत फट नाही सोडायची. ब्रेक लागला की सगळ्या एकमेकींना टेकतात."

मी हसलो. तिला आखलेल्या जागेवर सरकवलं, मधली जागा रिकामी ठेवली, पट्टा माझ्या हातानं लावला. शहाणपणा करायची हौस, दुसरं काय.

झाडं धुक्यातून येत होती, धुक्यात जात होती. आमच्या मधल्या जागेतला उभा दांडा धरून मी पेंगत होतो. तेवढ्यात समोर गाय आली. गाडी जागच्या जागी थांबली. गाय वाचली. मावशीची कंबरही पट्ट्यात राहिली, पण वरचं अंग बाजूला कलंडलं आणि कान दांड्यावर आपटला.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, मान काही दिवस आखडेल.

"तुझी गाडी बढिया रुकते रे," मावशी म्हणाली, "पण मुंडकं कुठे रुकतं?"

मला तिच्याकडे बघवेना. त्या दुपारी तिच्याच स्वयंपाकघरात बसून कागदावर लिहिलं: खांद्याला आणि मानेला बाजूनं आधार मिळेपर्यंत या गाडीत कुणालाही बसवू नये. त्याखाली सही केली.

परतताना ती नको म्हटलं तरी स्टेशनवर आली. धुकं विरलं होतं, किल्ला अखेर डोंगरावर टेकला होता. आगगाडी हलली. मी खिडकीतून हात केला. माझ्याकडे बघायला तिची मान वळेना, म्हणून ती सबंध अंगानं वळली.