मॉडेल नंबर

एका मंगळवारी हे गेले. आमचे सगळे फोटो यांनी घरच्या सर्व्हरवर ठेवले होते, आणि महिन्याभरात तो बंद पडला. कोलकात्यात गरियाहाटहून न्यू टाउनला जाणाऱ्या बसमध्ये मी दुरुस्तीचा व्हिडिओ पाहत होते. शेजारच्या सीटवरचे गृहस्थ रोज कसलं ना कसलं छापील मॅन्युअल वाचायचे. पान उलटण्याआधी पुन्हा वरपासून.

“दीदी, आपका मॉडल यही है?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी नंबर आणला. त्यांनी मोबाइलवर कंपनीचं मॅन्युअल काढून एका ओळीवर बोट ठेवलं. व्हिडिओतल्या तिसऱ्या पायरीनं माझ्या सर्व्हरवरचं सगळं पुसलं गेलं असतं.

“व्हिडिओवाला अपनी मशीन जानता है, दीदी. आपकी नहीं.”

पुढचे पंधरा दिवस मी मॅन्युअल वाचलं, प्रत्येक पान दोनदा, आणि मग सर्व्हर सुरू केला. नंतर ते गृहस्थ बसमध्ये दिसले नाहीत. फोटो आहेत.